हाताजोगा दांडा

त्या वर्षी जमीन अशी काही आवळून बसली होती, की टिकाव घातला तर ठिणगी उडावी, पण माती जागची हलू नये. शेतांत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून आटलेला तलाव खोल करायचं काम निघालं आणि वस्तीतली धडधाकट माणसं झाडून सारी दिवस वर येताच तलावाच्या तळाशी उतरू लागली. जिथे आधी डोक्यावरून पाणी असायचं तिथे आता माणसं उभी राहून घाम पुसत होती.

या खोदकामाने दांडेवाल्याला मात्र मान वर करायला फुरसत ठेवली नाही. टिकाव, कुदळी, फावडी, सगळ्यांचे दांडे तो घडायचा. तो मूळचा सुतार, पण लोक त्याला दांडेवालाच म्हणत, आणि त्याच्या बायकोला दांडेवालीण. पूर्वी कुणी दांडा मागायला आलं की तो आधी म्हणायचा, हात दाखव. समोरच्याचा पंजा धरून वळवायचा, बोटांनी मूठ मिटवायचा, मग लाकूड उचलायचा. मूठ वळली की बोटांची टोकं तळव्याच्या उशीला जेमतेम टेकली पाहिजेत, हे त्याचं माप. टोचली तर दांडा बारीक, मधे फट राहिली तर जाड. यंदा मात्र रोज चार-पाच मोडके दांडे दारात येऊन पडत आणि जो तो एकच सांगे, जाड बसव, पुन्हा मोडता कामा नये. मग त्यानेही हात बघणं सोडून दिलं. जाड लाकूड, वर पाचर, चल पुढचा.

बायकोच्या टिकावालाही त्याने तसाच दांडा ठोकून दिला. वर कौतुकाने म्हणाला, हा तुझ्यानंतरसुद्धा टिकेल. ती हसली होती. पण आठवड्याभरात तिचं मनगट सुजलं. टिकाव डोक्यावर नेईपर्यंत ठीक असायचा, खाली येताना मात्र कुणी हात धरल्यासारखा वळायचा आणि बघितलेल्या जागेपासून वीतभर लांब पडायचा. मुकादम काठावरून बघत असायचा. एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दांडेवालीणबाई, खोदताय की जमिनीला गुदगुल्या करताय?"

माणसं हसली. पोटापाण्याचं काम देणाऱ्याच्या विनोदाला माणसं हसतातच. तिने पुन्हा टिकाव उचलला, पुन्हा वीतभर लांब.

याच मुकादमाने पंधरा दिवसांपूर्वी तिच्या हातात एक जुनं घमेलं दिलं होतं. परीक्षा झाली की पोरीला आण, तोवर हे घरी ने, रिकामं डोक्यावर घेऊन चालायची सवय होऊ दे. मेहेरबानी केल्यासारखं बोलला होता. तोंडावर नाही म्हणता येईना म्हणून तिने ते घरी आणलं आणि खाटेखाली पालथं घालून ठेवलं. रोज केर काढताना केरसुणी त्याला लागायची आणि खण्ण वाजायचं. माझी पोर हे उचलणार नाही, असं ती दर वेळी मनात म्हणायची. म्हणायला काय जात होतं. न उचलण्याची दुसरी एकच वाट होती, आणि ती वाट गेले दोन महिने बंद पडत चालली होती.

ती वाट म्हणजे सॉफ्टबॉल.

पोर पंधरा वर्षांची. दहाव्या वर्षी शाळेच्या मैदानावरून तिने असा काही चेंडू मारला होता, की मुख्याध्यापकांच्या खोलीची काच फुटून तो त्यांच्या टेबलावर जाऊन बसला. त्या दिवशी तिला शिक्षा झाली आणि नावही मिळालं: ठोकी. पुढे पाच वर्षं तिने ते नाव राखलं. खेळाच्या बाई म्हणत, हिच्या हातात बॅट दिली की मी निवांत बसते. शहरातल्या खेळशाळेची निवड महिनाअखेरच्या रविवारी होती. निवडलेल्या मुलींना वसतिगृहात राहायचं, जेवायचं, शिकायचं आणि खेळायचं. बाईंनी ठोकीचं नाव सर्वांत वर लिहिलं होतं.

आणि नाव लिहिलं त्याच सुमाराला तिची बॅट आंधळी झाली. चार सामने झाले, चेंडूला बॅट लागली नाही. लागलीच तर कडेने चाटून मागे. नेहमी तिच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या, तिच्याच संघातल्या मुलीने नवं नाव काढलं, हुकी. ते नाव दोन दिवसांत वस्तीभर झालं, कारण असली नावं पायी चालत नाहीत.

मग सल्ल्यांचा पूर आला. बाई म्हणाल्या, तू चेंडू येताना डोळे मिटतेस. ती डोळे फाडून बघायला लागली, तर डोळ्यांत धूळ. न्हावी म्हणाला, कोपर वर हवं. त्याने जन्मात बॅट धरली नव्हती, पण हजामत करताना कोपर कसं धरावं हे त्याला ठाऊक होतं. किराणावाला म्हणाला, पाय जवळ घे. त्याचा भाऊ म्हणाला, लांब घे. शेजारची म्हातारी म्हणाली, पोरीला झोप पुरत नाही. ठोकी सगळ्यांचं ऐकायची, सगळं करून बघायची, आणि बॅट घेऊन उभी राहिली की कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी दिसायची, अंगावर दहा जणांचं काहीबाही लटकलेलं.

महिन्याच्या मध्यावर शाळेच्या मैदानावर सामना होता. दांडेवालीण दुपारच्या सुट्टीत भाकरी न खाता तशीच गेली आणि कुंपणापाशी उभी राहिली. तीन चेंडू आले, तीन गेले. तिसऱ्याला ठोकीने इतक्या जोरात बॅट फिरवली की तीच गरकन फिरून गुडघ्यावर पडली. ती पाण्याच्या पिंपाकडे जाताना कुणीतरी म्हणालं, हुकीला वारा लागला. ठोकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन पेले पाणी प्यायली. तिसरा भरला आणि नुसता धरून उभी राहिली.

बाई कुंपणापाशी आल्या. वाईट माणूस नव्हत्या. तोंडावर सांगितलं की नाव अजून यादीत आहे, पण असंच चाललं तर मलाच ते खोडावं लागेल, दुसऱ्या मुलीची संधी मी का घालवू. दांडेवालीण म्हणाली, खोडू नका. बाई म्हणाल्या, रविवारला बारा दिवस आहेत. ती पुन्हा म्हणाली, खोडू नका, आणि कामावर परतली. यायला उशीर झाला म्हणून मुकादमाने तिला उन्हाच्या बाजूची जागा दिली.

संध्याकाळी पोरीच्या हातांना तेल लावताना तिने दिव्याजवळ पंजे उघडून बघितले. घट्टे होते, पण भलत्या जागी. बॅट धरणाऱ्याचे घट्टे बोटांच्या मुळाशी असायचे, हे तिने पाच वर्षं तेल लावून पाठ केलं होतं. आता तिथली कातडी मऊ पडली होती. तळव्याच्या मधोमध आणि अंगठ्याच्या बेचक्यात मात्र कातडी सोलवटून लाल झाली होती. ठोकी म्हणाली, आई, झोंबतंय. तिने फुंकर घातली. मग तिचं लक्ष स्वतःच्या पंजाकडे गेलं. तसेच. तिथेच. तिला काहीतरी जाणवलं, पण अंग इतकं मोडून आलं होतं की विचार तिथेच अर्धवट सोडून ती कुशीला वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन ती सावली शोधत बांधाच्या मागे गेली, तर तिथे वन्सं पाय पसरून बसलेल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण तिच्याच टोळीत खोदायची. जीभ टिकावापेक्षा धारदार. तिच्या मांडीवर टिकावाचा दांडा आडवा होता आणि हातात बाटलीच्या काचेचा तुकडा. खर्र खर्र घासत होती. पांढरा भुसा पदरात पडत होता.

वहिनीला बघून वन्संनी आधी काच लपवली, मग बाहेर काढली.

"बघितलंसच तर आता गप्प बस," वन्सं म्हणाल्या. "माझा भाऊ आहे. त्याला कळलं तर जेवायचा नाही."

"सगळ्याच घासतात?"

"तू सोडून. तुझ्यासमोर कोण घासणार? दांड्याच्या मालकिणीसमोर?"

स्वतःच्या नवऱ्याने घडलेला दांडा काचेने तासायचा म्हणजे चारचौघांत त्याच्या अंगावरचा सदरा ओढण्यासारखं. वन्संनी काच पुढे केली. तिने घेतली. सुट्टी संपेपर्यंत ती खाली मान घालून घासत होती, आणि बोटांची टोकं तळव्याच्या उशीला टेकली तेव्हाच थांबली.

त्या दुपारी टिकाव डोक्यावर गेला आणि बघितलं होतं तिथेच उतरला. दुसराही तिथेच. ढेकूळ उलून बाजूला पडलं. ज्या जागेला ती सकाळपासून टोचत बसली होती ती जागा पाच घावांत सुटली. काठावर मुकादम होता, पण गुदगुल्यांचं काही बोलला नाही. आणि ती सहाव्या घावासाठी उचललेला टिकाव तसाच धरून उभी राहिली. तळव्याच्या मधोमध. अंगठ्याच्या बेचक्यात.

"काय ग, मुंगळा चावला?" वन्संनी विचारलं.

ती म्हणाली, "नाही. कळलं."

घरी गेल्यावर तिने हातपाय धुतले नाहीत. ठोकीला म्हणाली, बॅट आण. शाळेत बॅटी दोन. एकीची मूठ दोन महिन्यांपूर्वी फाटली होती, आतला धातू उघडा पडून हात सरकायचा. ठोकीने ती घरी आणली होती आणि तिच्या बाबांनी एवढ्या गडबडीतही तीन दांडे बाजूला सारून ती हातात घेतली होती. आधी सुतळी गुंडाळली, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांचे तीन थर ओढून ओढून बसवले. हत्तीने ओढली तरी सुटायची नाही, म्हणाले होते. बाईंनीसुद्धा कौतुक केलं होतं. तेव्हापासून ती बॅट ठोकीची झाली. दुसऱ्या मुली दुसरीच घ्यायच्या.

"धर," आई म्हणाली.

ठोकीने बॅट धरली. आईने पोरीच्या बोटांची टोकं आणि तळवा यांच्या मधे आपलं बोट घातलं. एक बोट गेलं. दुसरंही गेलं.

"पोरी, हे असं कधीपासून?"

"बाबांनी बांधून दिली तेव्हापासून."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

ठोकीने बॅट खाली टेकवली. मग म्हणाली, "मला वाटलं, माझाच हात लहान आहे."

आईने विळी ओढली, पात्यावर ट्यूब धरली आणि वरपासून खालपर्यंत चिरली. काळी कातडी सोलावी तशी पट्टी सुटून आली. दुसरा थर. तिसरा. सुतळीला हात घातला तेव्हा दारात सावली पडली. दांडेवाला आत आला होता. केसांत भुसा, हातात मरफा, लाकूड घासायची ती खरबरीत कानस तो घरातही विसरून घेऊन यायचा.

त्याने आधी जमिनीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग बायकोकडे. आवाज चढवला नाही. म्हणाला, उभ्या आयुष्यात माझं काम कुणी परत आणलं नाही, आणि घरातच फाडलंत. तीही आवाज न चढवता म्हणाली, आणलं नसेल. सगळ्यांना तुमची भीड पडते. दांडा बोचतो असं दांडेवाल्याला कोण सांगणार. मग उठली, कोपऱ्यातला टिकाव उचलला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने दांड्यावरून अंगठा फिरवला. काचेचे ओरखडे त्याला डोळे मिटूनही कळले असते. बराच वेळ तो अंगठा तिथेच खाली-वर करत राहिला.

"कुणी शिकवलं हे?" त्याने विचारलं.

"ते विचारू नका."

"आक्काने पण घासलाय?"

ती जमिनीवरच्या पट्ट्या गोळा करू लागली. थोरल्या बहिणीबद्दलचं उत्तर त्याला मिळालं. मरफा कोनाड्यात ठेवून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जेवायला चला म्हणून ठोकी दोनदा बोलवायला गेली, दोन्ही वेळा त्याने हात हलवला. वन्सं म्हणाल्या होत्या तसंच झालं.

सकाळी मात्र दोघी उठायच्या आत तो उठला होता. चुलीपाशी मेण पातळ करून त्यात दोरा बुडवत होता. ठोकी डोळे चोळत आली तशी म्हणाला, हात दाखव.

तिने पुढे केला. त्याने पंजा धरला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट मिटवलं. सोललेल्या जागी त्याचा अंगठा आला तेव्हा ती जराशी आखडली. तो थांबला. मग त्याने मान आणखी खाली घातली आणि सुतळीने तिच्या मुठीचं माप घेतलं, दोनदा. मेणवलेल्या दोऱ्याचा एकच थर त्याने बॅटीवर चढवला, वेढ्याला वेढा चिकटवून, नखाने दाबत. झाल्यावर बॅट तिच्या हातात देऊन म्हणाला, "तुझा हात लहान नाही. यंदा मीच हात बघायचे सोडले होते."

एवढंच. मग त्या दिवशीचे दांडे घडायला बसला. पण पहिला जो आला त्याला म्हणाला, हात दाखव. तो माणूस म्हणाला, हात कशाला, जाड बसव. दांडेवाला म्हणाला, हात दाखवायचा नसेल तर दुसरीकडे जा.

मूठ बसली म्हणून चेंडू लगेच लागेल असं नव्हतं. दोन महिन्यांची हूक नुसत्या बॅटीत नव्हती, पोरीच्या अंगात मुरली होती. म्हणून आईने तिला कामावर जायच्या आधी, उजाडताना, घरामागच्या पडीक तुकड्यावर उभं केलं. तलावातून येताना पाटीभर ढेकळं आणली होती. हे ढेकळं फेकायचं काम तिला नवं नव्हतं. खड्ड्यातून काठावर मोठी ढेकळं टाकायची तर हात खालून मागे नेऊन झोक्यासारखा पुढे काढायचा, म्हणजे खांदा वाचतो. सॉफ्टबॉलचा चेंडूही असाच खालून येतो. वीस वर्षं ती ज्या हाताने माती वर टाकत होती त्या हाताने तिने चौदा पावलांवरून पहिलं ढेकूळ टाकलं. ठोकी हुकली.

चाळीस ढेकळांत सहा फुटली.

दुसऱ्या दिवशी ठोकी म्हणाली, आई, कोपर वर ठेवू की खाली? आईने हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. "मी टिकाव घालते तेव्हा कोपराला पत्र लिहिते का?" ती म्हणाली. "न्हाव्याचं न्हाव्याला परत कर. किराण्याचं किराण्याला. तुझ्याकडे काय राहतं बघ."

"आणि पाय?"

"पायांना कळतं. तू ढेकूळ फोड."

ठोकीला हसू आलं. हसताना खांदे खाली आले, आणि पुढचं ढेकूळ असं फुटलं की दोघींच्याही तोंडात माती गेली. ढेकळाचं एक बरं असतं, लागलं की नाही यावर वाद होत नाही. लागलं की ते उरतच नाही. पाचव्या दिवशी चाळिसात अठ्ठावीस फुटली. पोरीच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या मातीने तांबड्या. त्या दिवशी आईने घरात जाऊन खाटेखालचं घमेलं काढलं, त्याच्या कडेला बाबांकडून भोक पाडून घेतलं आणि पलीकडच्या खांबावर टांगलं. शाळेचा एक उसवलेला चेंडू शिवून घेतला होता.

"मुकादमाने तुला दिलंय," ती म्हणाली. "वापर."

ती बाजूला उभी राहून चेंडू टाकायची आणि टाकल्याबरोबर सरकायची. एकदा सरकली नाही तर नडगीवर बसला. खाली बसून नडगी दाबत तिने पुढचा टाकायची खूण केली. आणि मग तो आवाज आला, ठण्ण, वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्यांदा आला तेव्हा शेजारची म्हातारी बाहेर आली. सहाव्यांदा आला तेव्हा किराणावाला येऊन म्हणाला, माणसांना झोपू द्याल की नाही? दांडेवालीण म्हणाली, तुम्हीच म्हणाला होता पाय जवळ घे, या, बघा तरी कुठे आहेत. त्याने पाहिलं. पाय जिथे होते तिथे होते. ठण्ण. तो निघून गेला, आणि त्या दिवसापासून वस्तीला घड्याळाची गरज उरली नाही.

शनिवारी तिने मुकादमाला सांगितलं की उद्या येणार नाही. रविवारी काम चालू असायचं आणि न येणाऱ्याची चांगली जागा जायची. मुकादम म्हणाला, चेंडूफळीपायी खाडा? तुझ्या जागी दुसरी उभी करीन. घमेल्याची सवय झाली का पोरीला? ती म्हणाली, झाली, रोज घेते. जागेचं म्हणाल तर कुणाला उभं करायचं ते करा, परवा मी येईन आणि ती माझीच असेल. वन्सं खोकल्या. मुकादमाला ते हसणं होतं की खोकला हे ठरवता येईना.

शहरातलं मैदान मोठं होतं, हिरवं होतं, आणि पाण्याच्या फवाऱ्याने ओलं केलेलं होतं. ते ओलं गवत बघून दांडेवाल्याने वाकून त्यावरून तळवा फिरवला. मग एका झाडाखाली जाऊन बसला आणि दुसऱ्यांच्या पोरींच्या बॅटी बघत राहिला. दांडेवालीण जाळीला चिकटून उभी राहिली.

प्रत्येकीला दहा चेंडू. निवड करणारे गृहस्थ टोपी घालून खुर्चीवर, शेजारी खेळाच्या बाई. ठोकीची पाळी आली. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, हुकी, आणि दोन-तीन जणी फिसकन हसल्या. तिसराही गेला. बाईंनी खाली वहीत बघितलं. दांडेवालिणीची बोटं जाळीत अडकली होती. तिला ओरडून सांगायचं होतं, पण काय सांगणार, सांगण्याने तर पोर दोरी झाली होती.

ठोकीने हात वर करून थांबायची खूण केली. बॅट काखेत धरली, खाली वाकून ओल्या जमिनीतली चिमूटभर माती उचलली आणि हातांना चोळली. मग जाळीकडे पाहिलं. आईने काही केलं नाही. फक्त हात खालून मागे नेला आणि झोक्यासारखा पुढे काढला, जसं ढेकूळ टाकतात.

चौथा चेंडू आला आणि बॅटीला लागला. चिरकत कडेला गेला, पण लागला. पाचवा सरळ गेला, चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या कानाजवळून, ती खाली बसली. सहावा, सातवा. हसणं थांबलं होतं. आठवा हुकला आणि ठोकीने जमिनीवर बॅट आपटली नाही, नुसती मान हलवली, हिशेब आपला आपल्याशी असल्यासारखी. नववा लागला. दहावा लागला आणि कुंपणावरून पलीकडे गेला, तिकडे काय होतं कुणास ठाऊक, काहीतरी खळ्ळकन फुटलं.

झाडाखालून दांडेवाला उठून उभा राहिला. "काच," तो म्हणाला. त्याला आवाजावरून वस्तू कळायची.

दुपारी यादी वाचली. चौदा नावं झाली. मग राखीव म्हणून दोन, त्यातलं पहिलं ठोकीचं. बाईंनी वळून हसून पाहिलं. पण ठोकी सरळ टोपीवाल्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. आईला वाटलं पायाच पडायला गेली की काय, आणि ती जाळीच्या दारातून आत धावली.

ठोकी म्हणत होती, "राखीव का? सहा लागले माझे."

ते गृहस्थ म्हणाले की आजचे लागले, पण मागच्या दोन महिन्यांचा कागदही आहे समोर. पाच सामने, एकही नाही. का बरं?

झाडाखाली दांडेवाल्याने मान खाली घातली. ठोकीची नजर एकदा तिकडे गेली आणि परत आली.

"दोन महिन्यांचं विचारू नका," ती म्हणाली. "अजून दहा टाका."

त्यांनी मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "राखीव मुलीही वसतिगृहातच राहतात. रोज शंभर टाकू. कंटाळलीस तर बघ."

"तुमच्या मुली कंटाळतील," ठोकी म्हणाली. आईने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं, पण सोडलं नाही, तसंच धरून ठेवलं, बसथांब्यापर्यंत.

सोमवारी दांडेवालीण तलावावर आली तेव्हा तिच्याबरोबर नवराही होता. तो काठावर एका दगडावर बसला आणि मरफा मांडीवर घेतला. आधी कुणी पुढे होईना. मग वन्संनी आपला दांडा नेऊन त्याच्यासमोर टाकला आणि काचेचा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, हे पण ठेव, आता कशाला लागतंय. त्याने बहिणीचा हात धरला, मूठ मिटवली, मान हलवली. मागे रांग लागली.

दांडेवालिणीची जागा मुकादमाने खरंच दुसरीला दिली होती. ती त्याच्याकडे गेली. खांद्यावर टिकाव होता आणि हातात घमेलं. घमेल्याला आतून इतके पोचे आले होते की ते गोल राहिलं नव्हतं, आणि तळ मधोमध उलला होता.

तिने ते मुकादमाच्या हातात दिलं. "तुमचं. पोरीने वापरलं. ती शहरात चालली."

मुकादमाने घमेलं वर धरून पाहिलं. उललेल्या तळातून ऊन आलं आणि त्याच्या सदऱ्यावर चेंडूएवढा कवडसा पडला. तो काही बोलायच्या आत ती खड्ड्यात उतरली, आपल्या जागी गेली, तिथल्या बाईला म्हणाली, सरक ग जरा, दोघी मावतो. मग हातांवर थुंकली, मूठ वळली, आणि टिकाव डोक्यावर नेला.